दळण कोणाचं, पीठ कोणाचं

गिरणीत दळण टाकताना आई एक प्रश्न हमखास विचारायची: आधी काय दळलंय? बाजरीच्या पाठोपाठ गहू पडला तर पोळ्या काळपट होतात. घरी गहू निवडलेला असायचा, खडा न् खडा काढलेला. पण डब्यातून परत यायचं ते पीठ, आणि मधल्या वेळात दगडांमध्ये काय झालं हे पिठाकडे पाहून सांगता येत नाही. मुक्त सॉफ्टवेअरविषयी जे लिहिलं जातं ते बहुतेक गव्हाविषयी असतं: सोर्स कोड उघडा आहे, कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. आपल्या संगणकावर चालतं ते मात्र पीठ, म्हणजे कंपाईल होऊन, पॅकेजमध्ये बांधून आलेली बायनरी. कोड वाचून जो विश्वास वाटतो तो या बायनरीला लागू होतो का, हा प्रश्न गेल्या पन्नास वर्षांत कसा उभा राहिला, त्यावर कोणी काय उत्तरं काढली आणि त्यातली कोणती टिकण्यासारखी आहेत, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकते: बांधणी पडताळता येत नसेल, तर कोडचा उघडेपणा अर्धाच आपल्या हाती लागतो.

सुरुवात अगदी लहान उदाहरणाने करू. ग्नू प्रकल्पाचा 'हॅलो' नावाचा प्रोग्रॅम पडद्यावर 'हॅलो, वर्ल्ड' एवढंच छापतो, पण पॅकेजिंग शिकणाऱ्या अनेकांचा पहिला धडा तोच असतो. टारबॉल, म्हणजे सगळा सोर्स एकत्र बांधलेली फाईल, उतरवून घ्यायचा, उलगडायचा आणि तीन आज्ञा द्यायच्या: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. पहिली आज्ञा दिली की पडद्यावरून ओळीच ओळी सरकू लागतात. सी कंपायलर आहे का? तो चालतो का? अमुक हेडर फाईल आहे का? तमुक फंक्शन कोणत्या लायब्ररीत आहे? ही लांबलचक उलटतपासणी म्हणजे ऑटोकॉन्फची देणगी. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये ते लिहायला घेतलं, कारण तेव्हा प्रत्येक कंपनीचं युनिक्स निराळं होतं आणि एकच कोड सगळीकडे बांधायचा तर आधी त्या त्या यंत्राची चौकशी करणं भाग होतं.

'मेक' त्याहून जुनं. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये लिहिलं. कोणती फाईल कोणत्या फाईलवर अवलंबून आहे ते सांगा, जेवढं बदललं तेवढंच पुन्हा बांधून देतो, ही त्याची साधी आणि भक्कम कल्पना. मेकफाईलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही. हा नियम त्रासाचा आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आलं होतं, पण तोवर डझनभर लोक 'मेक' वापरू लागले होते आणि त्यांचं काम मोडायला नको म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. त्या डझनभरांसाठी राखलेला टॅब जगभरचे प्रोग्रॅमर आजही टाइप करतात. बांधणीच्या साधनांत एकदा शिरलेली सवय निघता निघत नाही, आणि पुढे ज्या अडचणी येणार आहेत त्यातल्या बऱ्याचशा अशाच जुन्या सवयींमधून आलेल्या आहेत.

'मेक इन्स्टॉल' झालं की फायली संगणकात चार ठिकाणी जाऊन बसतात आणि कोणती फाईल कोणाची याची नोंद कुठेच राहत नाही. दहा प्रोग्रॅम असे बसवले की काढता येत नाहीत, बदलता येत नाहीत, एकाने दुसऱ्याची लायब्ररी पुसली तर कळतही नाही. पॅकेज आलं ते इथून. १९९३ मध्ये स्लॅकवेअर हे लिनक्स डिस्ट्रिब्युशन निघालं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियनची घोषणा केली, पुढच्या वर्षी फ्रीबीएसडीचे पोर्ट्स आले, मग रेड हॅटचं आरपीएम. डेबियनच्या पद्धतीत मूळ कोडच्या शेजारी 'डेबियन' नावाचा एक फोल्डर जोडतात. त्यातल्या 'कंट्रोल' फाईलमध्ये पॅकेजचं नाव आणि डिपेंडन्सी, 'चेंजलॉग'मध्ये बदलांचा इतिहास, 'कॉपीराइट'मध्ये प्रत्येक फाईलचा परवाना, आणि 'रूल्स'मध्ये बांधायचं कसं ते. ही 'रूल्स' फाईल स्वतःच एक मेकफाईल असते. आज ती बहुतेक पॅकेजांत तीन-चार ओळींची असते, आणि तिसऱ्या ओळीआधी तो टॅब असतोच. ही फाईल लक्षात ठेवा, पुढे ती एका वेगळ्याच कारणाने येणार आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियन १३ मध्ये सुमारे सत्तर हजार पॅकेजं आहेत. प्रत्येकामागे कुणीतरी मेंटेनर आहे, बहुधा बिनपगारी. लोकांना वाटतं, हा माणूस चार आज्ञा देतो आणि झिप करून ठेवतो. प्रत्यक्षात तो हजारो फायलींचे परवाने वाचतो, मूळ लेखकाने कोडमध्येच कोंबलेल्या दुसऱ्यांच्या लायब्रऱ्या काढून तिथे प्रणालीतली एकच सामाईक लायब्ररी जोडतो, इंटेलवर चालतं ते एआरएमवर का कोसळतं ते शोधतो, आणि स्थिर आवृत्तीत नवं व्हर्जन घालता येत नाही म्हणून तीन वर्षं जुन्या कोडवर आजची सुरक्षा-दुरुस्ती हाताने शिवतो. सामाईक लायब्ररीचा हा हट्ट किती मोलाचा आहे ते २००२ मध्ये दिसलं. झेडलिब या कॉम्प्रेशन लायब्ररीत दोष निघाला. जिथे सगळे प्रोग्रॅम एकच झेडलिब वापरत होते तिथे एक पॅकेज बदलून काम झालं. ज्यांनी आपापल्या पोटात तिची प्रत ठेवली होती, ते प्रोग्रॅम एकेक करून हुडकावे लागले.

बांधणीची कृती हा सोर्सचाच भाग आहे, हे परवान्याने कधीच मान्य केलं आहे. १९९१ च्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत 'संपूर्ण सोर्स' म्हणजे काय हे सांगताना कंपाईल आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टही त्यात धरल्या आहेत. फॉन्टचं उदाहरण घ्या. मराठीचे 'ल' आणि 'श' हिंदीच्या वळणापेक्षा वेगळे. एखाद्या फॉन्टचा परवाना मुक्त आहे, पण हाती फक्त तयार टीटीएफ फाईल आहे, तर ते वळण नीट दुरुस्त करणं फार अवघड. फॉन्टफोर्जमध्ये उघडणारी मूळ फाईल आणि त्यातून टीटीएफ घडवणारी स्क्रिप्ट हवी. रेड हॅटच्या 'लोहित' फॉन्टमालेचं बरंच काम पुण्यात झालं, आणि तिची मूळ फाईल उपलब्ध असल्यामुळे ती पुन्हा बांधता येते.

मेंटेनर आणि मूळ लेखक यांचं नेहमीच जुळतं असं नाही. मोझिलाच्या ट्रेडमार्कच्या अटी मान्य होईनात म्हणून डेबियनने २००६ ते २०१६ अशी दहा वर्षं फायरफॉक्सला 'आइसवीझल' या नावाने वाटलं. ते भांडण नावाचं होतं, त्याने कुणाचं नुकसान झालं नाही. त्याच २००६ मध्ये झालेल्या एका पॅचने मात्र झालं. ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीवर व्हॅलग्राइंड हे तपासणीचं साधन चालवलं की 'न भरलेली मेमरी वाचली जात आहे' असा इशारा येई. डेबियनच्या पॅकेजमध्ये तो इशारा घालवायला दोन ओळी बंद केल्या गेल्या. त्यातल्या एका ओळीतूनच यादृच्छिकतेचं सगळं बी पेरलं जात होतं. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. १३ मे २००८ रोजी हे जाहीर झालं तेव्हा पावणेदोन वर्षांत डेबियन आणि उबुंटूवर तयार झालेल्या असंख्य किल्ल्या फेकून द्याव्या लागल्या. मूळ कोड ठीक होता, गहू स्वच्छ होता. गडबड गिरणीत झाली, आणि तीही चांगल्या हेतूने.

सोळा वर्षांनी हेच व्हॅलग्राइंड दुसऱ्या बाजूने कामी आलं. मार्च २०२४ मध्ये पोस्टग्रेसचे एक विकासक आंद्रेस फ्रॉइंड काही मोजमापं करत होते. एसएसएचचं लॉगिन त्यांना जड वाटलं: पूर्वी ०.२९९ सेकंद लागत, आता ०.८०७. शिवाय काही दिवसांपूर्वी व्हॅलग्राइंडने दिलेल्या विचित्र तक्रारी त्यांच्या लक्षात होत्या. त्यांनी धागा सोडला नाही, आणि २९ मार्चला एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा असल्याचं जगाला कळवलं. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोनेक वर्षं इमानाने पॅच पाठवत सहमेंटेनरपद मिळवलं होतं. मूळ मेंटेनर लासे कॉलिन एकटे, थकलेले, हे काम छंद म्हणून करणारे. काम दुसऱ्याकडे सोपवा म्हणून त्यांच्यावर अनोळखी नावांनी दबावही आणला गेला होता.

हा हल्ला कोडमध्ये नव्हता, बांधणीत होता. म्हणून तो जवळून पाहायला हवा. ज्याच्याकडे ऑटोकॉन्फ नाही त्यालाही बांधता यावं म्हणून, कॉन्फिगरसारख्या आयत्या घडवलेल्या फायली टारबॉलमध्ये घालून द्यायची रीत आहे. हजारो ओळींच्या या फायली कुणी वाचत नाही. जिया टॅनने बांधणीची एक बदललेली मॅक्रो फाईल फक्त टारबॉलमध्ये घातली. गिटमध्ये, जिथे लोक कोड वाचतात तिथे, ती नव्हती. विषारी माल चाचणीसाठीच्या 'मुद्दाम खराब केलेल्या' कॉम्प्रेस्ड फायलींच्या पोटात होता. बांधणी सुरू झाली की मॅक्रो त्या मालातली स्क्रिप्ट बाहेर काढायची, आणि ती आधी आजूबाजूला पाहायची: यंत्र इंटेल-६४ आहे का, कंपायलर जीसीसी आहे का, आणि शेजारी 'डेबियन/रूल्स' फाईल आहे का किंवा आरपीएमची खूण आहे का. म्हणजे पॅकेज बांधलं जात असेल तरच तो माल जागा व्हायचा. कुणी संशय येऊन घरी सहज बांधून पाहिलं तर स्वच्छ पीठ मिळायचं. आणि एसएसएचला मुळात एक्सझेडची गरजच नव्हती. सिस्टमडीला 'मी तयार आहे' असं कळवता यावं म्हणून डिस्ट्रिब्युशनांनी लावलेल्या पॅचमधून ती लायब्ररी आत आली होती. डेबियनच्या अस्थिर शाखेपर्यंत, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीपर्यंत आणि ओपनसुसे टंबलवीडपर्यंत हा माल पोचला होता. अर्ध्या सेकंदाचा उशीर एका माणसाला खटकला म्हणून तो पुढे गेला नाही.

या गोष्टीतून निघालेला 'टारबॉल नको, थेट गिटच्या टॅगवरून बांधा' हा आग्रह मला पूर्ण पटतो. कुणी वाचत नाही अशी घडीव फाईल सोर्स म्हणून वाटण्याची गरज आता उरलेली नाही.

मधला माणूसच नको, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. जेंटूने २००२ पासून प्रत्येकाला आपल्या यंत्रावर सगळं बांधायला दिलं. शिकायला यापरता चांगला मार्ग नाही, आणि 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' हे पुस्तक हाताशी धरून एकदा तरी सगळी प्रणाली हाताने बांधावी असं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. पण ब्राउझर बांधायला रात्र जाते. डिसेंबर २०२३ मध्ये जेंटूनेही तयार बायनरी पॅकेजं मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात केली. दुसरी वाट फ्लॅटपॅक, स्नॅप आणि कंटेनरची: प्रोग्रॅमबरोबर त्याच्या सगळ्या लायब्रऱ्या एकाच गाठोड्यात. वापरणाऱ्याची सोय होते हे खरं, पण २००२ चं झेडलिब आठवा. प्रत्येक गाठोड्यात वेगळी प्रत, आणि ती कोण कधी बदलणार याचं उत्तर गाठोडं बांधणाऱ्याच्या मर्जीवर.

प्रोग्रॅमिंग भाषांच्या आपापल्या भांडारांनी हा गुंता आणखी वाढवला. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून 'लेफ्ट-पॅड' नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि जगभरातली बिल्ड धडाधड फेल झाली. अशा जाळ्यातला प्रोग्रॅम डेबियनमध्ये आणायचा म्हणजे काय, हे भारतातल्या डेबियन स्वयंसेवकांनी अनुभवलं आहे. डायस्पोरा आणि गिटलॅब पॅकेज करण्यात त्यांचा मोठा हात होता. एका प्रोग्रॅमसाठी रुबीच्या शेकडो लायब्रऱ्या वेगवेगळ्या पॅकेज कराव्या लागल्या, आणि त्या निमित्ताने अनेक महाविद्यालयीन मुलं पहिल्यांदा पॅकेजिंग शिकली. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची वार्षिक परिषद कोचीत भरली, त्यामागे ही वर्षानुवर्षांची मशागत होती.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते काम याहून निराळं आहे. त्याचं म्हणणं असं: गिरणीवाल्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, तेच दळण दोन वेगळ्या गिरण्यांत दिलं तर पीठ कणाकणाने सारखं निघालं पाहिजे. याला रिप्रोड्युसिबल बिल्ड म्हणतात. बिटकॉइन आणि टॉर ब्राउझर यांनी आधी हे करून दाखवलं, आणि २०१३ मध्ये डेबियनमध्ये ल्युनार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जेरेमी बोबियो यांनी सगळ्या पॅकेजांसाठी ते हाती घेतलं. तेव्हा हे अशक्य आहे असं अनेकांना वाटत होतं. ल्युनार नोव्हेंबर २०२४ मध्ये गेले, पण तोवर चाचणीच्या वातावरणात डेबियनची नव्वद टक्क्यांहून अधिक पॅकेजं पुन्हा जशीच्या तशी बांधता येत होती.

अडचणी कुठे येतात ते माझ्याच एका पॅकेजवरून सांगते. मी पुण्यात रात्री साडेबाराला ते बांधलं. तेच सर्व्हरवर त्याच क्षणी बांधलं गेलं. दोन्हींचे हॅश, म्हणजे फायलीतून गणिताने काढलेले ठसे, वेगळे. डिफोस्कोप हे साधन दोन बायनऱ्यांचे पदर एकेक करून उलगडून फरक दाखवतं. त्याने थेट मॅन पेजच्या तळाशी बोट ठेवलं: माझ्या पॅकेजवर एक तारीख, सर्व्हरच्या पॅकेजवर आदल्या दिवसाची. सर्व्हर यूटीसीवर चालत होता, तिथे अजून संध्याकाळचे सात वाजले होते. फरक एवढाच, पण हॅश बदलायला तेवढा पुरतो. अशा वेळी बांधणीला 'सोर्स डेट एपॉक' नावाच्या व्हेरिएबलमधून एक ठरलेली तारीख दिली जाते, बहुधा चेंजलॉगमधली शेवटची. घड्याळाकडे पाहायचंच नाही. तारखेखेरीज फायली कोणत्या क्रमाने वाचल्या गेल्या, बांधणीचा फोल्डर कुठे होता, यंत्राचं नाव काय, वर्णानुक्रम कोणत्या भाषेचा, यांतली कुठलीही गोष्ट पिठात मिसळते. म्हणून चाचणीत तेच पॅकेज दोनदा बांधतात आणि दुसऱ्या वेळी मुद्दाम टाइमझोन, यंत्राचं नाव, अगदी वर्षभरापुढची तारीखसुद्धा बदलून पाहतात.

याने एक्सझेड पकडलं असतं का? नाही. तो टारबॉल कितीही वेळा, कुठेही पॅकेज केला असता तरी तेच विषारी पॅकेज निघालं असतं. रिप्रोड्युसिबल बिल्ड सांगतं की हे पीठ याच गव्हाचं आहे. गहू किडका आहे का, ते वाचणाऱ्यालाच पाहावं लागतं. पण गिरणीतच कोणी काही मिसळत असेल, तर ते लपत नाही. २०१५ मध्ये एक्सकोडघोस्टने तेच केलं होतं: ॲपलच्या एक्सकोड या साधनाची भेसळयुक्त प्रत चिनी विकासकांनी उतरवून घेतली आणि त्यांच्या निर्दोष कोडमधून दूषित ॲप तयार झाली. अँड्रॉइडच्या बाजूला एफ-ड्रॉइड हे भांडार प्रत्येक ॲप स्वतः सोर्समधून बांधतं, आणि विकासकाने बांधलेल्या ॲपशी ते तंतोतंत जुळलं तर विकासकाच्याच सहीने वाटतं. दोघांनी स्वतंत्रपणे दळून एकच पीठ निघाल्याचा हा पुरावा मला फार समाधान देतो.

मग उरतो सर्वांत खोल प्रश्न: जातंच बाटलेलं असेल तर? केन थॉम्प्सन यांचं ट्युरिंग पुरस्काराचं व्याख्यान ऑगस्ट १९८४ मध्ये छापून आलं. त्यात त्यांनी असा कंपायलर दाखवला जो लॉगिन प्रोग्रॅम ओळखून त्यात चोरदरवाजा घालतो, आणि स्वतःचाच सोर्स कंपाईल होताना ओळखून ही खोड नव्या कंपायलरमध्ये उतरवतो. एकदा हे झालं की सोर्समधून सगळ्या खुणा पुसून टाकल्या तरी खोड पिढ्यान् पिढ्या चालत राहते. डेव्हिड व्हीलर यांनी यावर उपाय मांडला: संशयित कंपायलरचा सोर्स दुसऱ्या, संबंध नसलेल्या कंपायलरने बांधा, त्यातून निघालेल्या कंपायलरने तोच सोर्स पुन्हा बांधा, आणि निकाल मूळ बायनरीशी ताडून पाहा. ही पद्धत चालायला बांधणी रिप्रोड्युसिबल असावीच लागते.

ग्विक्स या डिस्ट्रिब्युशनने आणखी खाली जायचं ठरवलं. तिचं मूळ निक्समध्ये आहे. एल्को डोल्स्ट्रा यांनी उट्रेख्टमधल्या २००६ च्या प्रबंधात मांडलेली कल्पना अशी, की प्रत्येक पॅकेजच्या पत्त्यातच त्याच्या सगळ्या घटकांचा हॅश असावा. ग्विक्सच्या लोकांनी विचारलं, पहिला कंपायलर कुठून आला? एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की त्यांच्या बावीस हजारांहून अधिक पॅकेजांच्या वंशवृक्षाचं मूळ आता ३५७ बाइटच्या एका प्रोग्रॅममध्ये आहे. हेक्समधले अंक वाचून बाइट लिहायचे, एवढंच तो करतो. त्यातून थोडा मोठा असेंब्लर, त्यातून सी भाषेचा छोटा कंपायलर, मग मेस, मग टायनी-सीसी, मग जुना जीसीसी, मग आजचा. बांधणी हाकायला गाइल भाषेची एक तयार बायनरी तिथे अजून लागते, त्यामुळे काम पुरतं संपलेलं नाही. पण ३५७ बाइट म्हणजे पानभर मजकूर. तो कागदावर छापून, पेन्सिल घेऊन, एका माणसाला एका बैठकीत तपासता येतो.

सरकारंही आता या प्रश्नाकडे वळली आहेत. अमेरिकेच्या मे २०२१ च्या अध्यक्षीय आदेशाने सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, चर्चेत आणली. युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला, त्याची मुख्य बंधनं डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. आपल्याकडे सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये एसबॉमची मार्गदर्शक तत्त्वं काढली. यादी हवीच, पण डब्यावर चिकटवलेलं लेबल आतल्या पिठाशी जुळतं का हे पुन्हा दळूनच कळतं. यादीचा आग्रह धरणाऱ्यांनी कॉलिन यांच्यासारख्या एकट्या मेंटेनरच्या पोटापाण्याचाही विचार करायला हवा. त्याबद्दल या कागदांत फार थोडं आहे.

डेबियनच्या प्रत्येक पॅकेजबरोबर आता 'बिल्डइन्फो' नावाची फाईल निघते. कोणत्या आवृत्तीचा कंपायलर, कोणत्या लायब्रऱ्या, कोणतं वातावरण, सगळं तिच्यात असतं. तिच्या आधाराने वाटलेली पॅकेजं पुन्हा बांधून जुळवून पाहणारी स्वतंत्र यंत्रं चालू झाली आहेत. गेल्या हिवाळ्यात मीही जुना लॅपटॉप याच कामाला लावला. मी रोज वापरते त्या चाळीसेक पॅकेजांची यादी केली आणि रात्री झोपताना बांधणी सुरू करून ठेवू लागले. मराठी छापील पानं वाचणारी टेसरॅक्टची 'मार' ही विदाफाईल, संपादक, शेल, असं सगळं. एक सोडून बाकीची जुळली. न जुळलेल्यात दस्तऐवजांच्या अनुक्रमणिकेतल्या नोंदी डिस्कवर सापडतील त्या क्रमाने लिहिल्या जात होत्या. क्रम लावणारा एक शब्द मी पॅचमध्ये घालून मेंटेनरला पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं, पॅच स्वीकारल्याचं. पुढची आवृत्ती आल्यावर पुन्हा बांधून पाहिलं, आणि दोन्ही हॅश पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, बोट ठेवून, वाचून काढले. सारखे होते.